आमच्या साडूंची पहिली निवड

जे घडलं त्यावर आमच्या साडूंचा काडीइतका विश्वास नाही. देवावर आहे, होमिओपॅथीच्या गोळ्यांवर आहे, वीस वर्षं बहरीनभर हिंडून एअर कंडिशनिंगची जी अवजड यंत्रं त्यांनी दुरुस्त केली त्या यंत्रांवरही थोडाफार आहे. पण एखादी गोष्ट एकदा घडून गेली की ती त्यांच्या मनातून साफ उतरते. त्यांच्या लेखी खरी गोष्ट म्हणजे जी घडायची राहून गेली ती. आपण सगळे ज्या जगात राहतो ते कुणीतरी घाईघाईत उरकलेलं काम आहे, आणि नीट केलेलं जग शेजारच्याच खोलीत आहे, फक्त दाराला कडी आहे, अशी त्यांची समजूत आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. साडू हे नातं मोठं गमतीचं असतं. दोन अनोळखी माणसांनी एकाच घरात मुलगी बघायला जायचा धीर वेगवेगळ्या साली केला, एवढंच त्यांच्यातलं साम्य. तरीही अकरा वर्षं माझे सगळे शुक्रवार या गृहस्थांनी व्यापले, आणि त्या शेजारच्या खोलीतल्या नीटनेटक्या जगातून माझी पहिल्याच दिवशी हकालपट्टी झाली. ती कशी झाली तेच सांगायचं आहे.

सनाबिसला मॉलच्या तळमजल्यावरच्या सुपरमार्केटात त्यांच्याबरोबर एकदा गेलात की माणूस कळतो. पैसे द्यायच्या सहा रांगा असतात. साडू चौथीत उभे राहतात आणि लक्ष ठेवतात दुसरीवर. दुसऱ्या रांगेत आपण उभे राहिलो असतो तर आपला नंबर जिच्या जागी असता अशी एक बाई ते हेरतात आणि मग तिच्यावरून नजर हलत नाही. "ती बघा, निळी पर्स. तिच्या जागी आपण. आता आपलं दूध गेलं पट्ट्यावर. आता आपण कार्ड काढलं." निळी पर्सवाली बाई सामान उचलून दाराबाहेर पडली की ते समाधानाने सुस्कारा टाकतात, कारण ते स्वतः तिच्याबरोबर गाडीपाशी पोचलेले असतात. मागे मी त्यांची ट्रॉली धरून उभा असतो आणि आमच्यापुढची जागा केव्हाच रिकामी झालेली असते. कॅशवरची फिलिपिनो मुलगी "सर, सर" म्हणून थकते. एकदा ती माझ्याकडे बघून अगदी कळवळून म्हणाली, "युवर ब्रदर, सर, ही इज ओके?" मी तिला साडू या शब्दाचा अर्थ सांगण्याच्या भानगडीत पडलो नाही. म्हटलं, हो, ओके आहे.

घरीही तेच. त्यांच्या मुलीचं नाव सई. बारशाच्या आदल्या दिवसापर्यंत ते मधुरा ठरलं होतं. सईला गणितात कमी मार्क पडले की साडू म्हणतात, "मधुरा ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती." सईला मराठी सगळं कळतं पण उत्तर ती इंग्रजीतच देते. ती एकदा म्हणाली, "बाबा, मधुरा वुड हॅव लेफ्ट होम बाय नाउ." लग्नाच्या वेळी साडूंनी एकाच दिवशी दोन मुली बघितल्या होत्या, सकाळी जळगावला एक आणि संध्याकाळी नाशिकला माझी मेहुणी. त्या जळगावच्या मुलीबरोबरचा संसार त्यांनी इतक्या तपशिलात रंगवलेला आहे की आता माझी मेहुणीसुद्धा त्या बाईला घरातलीच धरून चालते. भेंडी वाढताना सहज म्हणते, "तिकडे आज भरीत असेल, पण तुम्ही नाशिकला आलात, तेव्हा हे खा." साडू भेंडी खातात. वाईट वाटून घेत नाहीत, कारण जळगावच्या संसारातही त्यांनी स्वतःला काही फार सुखात ठेवलेलं नाही. त्या बाईचा भाऊ त्यांना तिथे फार छळतो.

पण ही सगळी किरकोळ प्रकरणं. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी न घडलेली गोष्ट म्हणजे इनास, आणि तिच्या वाटेत आडवी आलेली घडलेली गोष्ट म्हणजे मी.

बारा वर्षांपूर्वी आमच्या इथल्या मराठी मंडळींनी बास्केटबॉलचे सामने सुरू केले. मराठी माणूस आणि बास्केटबॉल हे समीकरण ऐकून कुणालाही हसू येईल. मलाही आलं होतं. पण मे महिन्यात बहरीनमध्ये उघड्यावर क्रिकेट खेळायचं तर खेळाडूंपेक्षा अँब्युलन्स जास्त लागतील. एका शाळेचा थंडगार हॉल शुक्रवारी सकाळी मिळत होता, त्यात दोन टोकांना दोन बास्केट होते, म्हणून खेळ बास्केटबॉल. चार संघ झाले, चार कप्तानांच्या पत्त्यांवरून: सनाबिस, रिफा, सलमाबाद आणि मनामा. खेळणाऱ्यांची नावं एका यादीत घातली. कप्तानांनी चिठ्ठ्या उचलून क्रम ठरवायचा आणि त्या क्रमाने उभं राहून एकेक नाव घ्यायचं. अमेरिकेत याला ड्राफ्ट म्हणतात हे कुणीतरी सांगितल्यावर आमच्याकडेही त्याला ड्राफ्टच म्हणायला लागले. सोबत एक नियम केला, आणि तो नियम करणाऱ्याला माझा आजही नमस्कार आहे. एकदा घेतलेला माणूस कायमचा त्या संघाचा. दर वर्षी नवी यादी निघताना संघाला एकच माणूस सोडता येई, त्यात तो स्वतःहून सोडला, किंवा त्याने देश सोडला, किंवा संघच मोडला, तरच तो सुटणार. इथल्या नोकरीच्या व्हिसाचं जे आहे तेच या नियमाचं.

साडू सनाबिसचे कप्तान होते. त्यांनी जन्मात बास्केटबॉल खेळलेला नव्हता, पण खेळ समजून घेण्यासाठी खेळावा लागतो हे त्यांना मान्य नव्हतं. चिठ्ठीत त्यांचा पहिला नंबर आला. यादीतला पहिला नंबर कोण हे हॉलमधल्या पाण्याच्या कूलरलाही ठाऊक होतं. वसईचा इनास, हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, सहा फूट दोन इंच, कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघातून खेळलेला. बाकी यादीत आम्ही होतो. आम्ही म्हणजे बँकेतले, विम्यातले, पोट सुटलेले, चष्मेवाले, आणि डॉक्टरने चालायला सांगितलेले. मी तर पाचच महिन्यांपूर्वी इथे आलो होतो. कुणाशी ओळख नव्हती, आणि यादीत नाव घातलं तर सामन्यानंतरचा नाश्ता मिळतो एवढंच मला कळलं होतं.

सगळं ठीक झालं असतं, पण त्या वेळी सासूबाई आल्या होत्या. दोन्ही लेकी एकाच देशात, म्हणून तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर नाशिकहून आलेल्या. वडीलधारी बाई म्हणून त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. मांडीवर चकल्यांचा डबा. थोरले जावई कप्तान आहेत आणि आज ते माणसं निवडणार आहेत, एवढं त्यांना समजलं होतं. साडू उभे राहिले. हातात यादी होती. मी समोरच होतो, त्यामुळे खात्रीने सांगतो, त्यांच्या तोंडात 'इनास' मधला 'इ' येऊन पोचला होता, ओठ ताणले गेले होते. इतक्यात सासूबाई माझ्या मेहुणीला म्हणाल्या, आणि त्यांची कुजबुज नाशिकच्या मोठ्या घरातली, सगळ्यांना ऐकू जाणारी, "धाकट्यांचं नाव पहिलंच घेतील ना गं? नाहीतर लोकांत कसं दिसेल."

साडूंनी सासूबाईंकडे पाहिलं. मग इनासकडे पाहिलं. इनास उठायच्या बेतात होता. मग त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं आपल्या दारात कुणाची गाडी लागली आहे ते बघावं. आणि माझं नाव घेतलं.

हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मग सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. रिफाच्या कप्तानाने, दुसरा नंबर असल्यामुळे, इनासचं नाव इतक्या घाईने घेतलं की त्याला ठसका लागला.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी साडूंना इतक्या वर्षांत सांगितली नव्हती. लहानपणी आमच्या गल्लीत क्रिकेटचे दोन संघ पाडताना मुलं विषम झाली की उरलेला एकजण दोन्हीकडून खेळायचा. त्याला कॉमन म्हणत. मुलं सम असली तरी मी कॉमन असायचो. इंजिनिअरिंगला मी वेटिंग लिस्टवर होतो. नोकरीत माझ्याआधी ज्याला बोलावलं त्याने नकार दिला म्हणून मी लागलो. बायकोच्या बाबतीतही, एका मुलाशी तिची पत्रिका जुळली नाही, मग माझी बघितली. त्या दिवशी त्या हॉलमध्ये माझं नाव सगळ्यांत पहिलं घेतलं गेलं. ते सासूबाईंच्या धाकाने घेतलं हे मला दिसत होतं, मी काही दूधखुळा नव्हतो. तरीही मी उठून साडूंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो तेव्हा माझे कान गरम झाले होते. फार बरं वाटलं होतं मला. घरी येऊन बायकोलासुद्धा बोललो नाही.

त्यानंतर रिफा जिंकत राहिलं आणि सनाबिस हरत राहिलं. त्यातला माझा वाटा मी नाकारत नाही. बास्केटबॉलमध्ये पळावं लागतं ही माहिती मला उशिरा मिळाली. उभं राहण्यात मात्र माझा हातखंडा होता. एका जागी मी असा उभा राहायचो की दोन्ही संघ मला वळसा घालून जायचे. पहिल्या वर्षी एका सामन्यात कसा कोण जाणे, चेंडू माझ्या हातात आला. पुढे काय करावं याचा विचार चालू असताना इनास समोर येऊन अदबीने म्हणाला, "द्या इकडे, साहेब." मी दिला. कुणी इतकं नीट मागितल्यावर नाही कसं म्हणणार? त्याने तो आमच्या बास्केटात टाकला आणि जाताना थँक्यू म्हणाला. साडू बाजूच्या बाकावरून ओरडत होते, पण तिथेही त्यांच्यातला जावई जागा होता. बाकीच्या खेळाडूंना ते अरे-तुरे करून शिव्या घालायचे आणि मला म्हणायचे, "अहो साडूभाऊ, जरा पळायची तसदी घ्या. अहो, हात तरी वर करा." सलमाबादचे खेळाडू ते ऐकायला खास येऊन बसत.

सामना संपला की दुपारचं जेवण साडूंकडे. तिथे दुसरा सामना व्हायचा, खरा. पानं उचलली की साडू टेबलावर खजुराच्या बिया मांडायचे. एकेक बी म्हणजे एकेक खेळाडू. इनाससाठी आक्रोड असायचा. आणि मी म्हणजे मीठदाणी. "वैयक्तिक घेऊ नका," पहिल्या वेळी ते म्हणाले, "पण हलत नाही अशी टेबलावर तीच एक वस्तू आहे." मग सकाळचा सामना पहिल्या मिनिटापासून पुन्हा सुरू व्हायचा. मीठदाणी उचलून बाजूला, तिच्या जागी आक्रोड. तो पास इनासने पकडला, तो चेंडू इनासने अडवला, रिफाचे पॉइंट आपोआप घटले, कारण तिकडे इनास नाही. मनामाचा संघ घाबरला. तिसऱ्या वर्षी आपण दुबईच्या मराठी मंडळाचं आमंत्रण स्वीकारलं, पाचव्या वर्षी सनाबिसच्या मुलांसाठी कोचिंग सुरू झालं, त्यात इनास शिकवतो, त्यातली दोन मुलं आता अमेरिकेत आहेत, आणि सातव्या वर्षी आपण दुबईत फायनल खेळलो. साडू हे सगळं बोटाने बिया सरकवत इतक्या मनापासून सांगायचे की एकदा मीच विचारलं, "मग त्या सातव्या वर्षीच्या फायनलला मी कुठे असतो?" ते विचारात पडले. मला तिथे कुठे ठेवावं हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. शेवटी म्हणाले, "तुम्ही प्रेक्षकांत असता. पुढच्या रांगेत. पासाची व्यवस्था मी करतो." मी आभार मानले.

सहा वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. बातमी आली त्या दिवशी आम्ही चौघं एकाच विमानाने निघालो. दोघी बहिणी एका रांगेत, मागे आम्ही दोघं. मुंबई जवळ आली तेव्हा साडूंनी खुर्चीचा पट्टा बांधला. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "त्या वर्षी त्यांचा व्हिसा आठवडाभर उशिरा झाला असता, तर इनास आपला होता." आणि रुमाल काढून डोळे पुसले. मीही पुसले. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर आम्हाला वेड्यात काढलं असतं.

मग गेलं वर्ष आलं. साडूंच्या कंपनीने त्यांना जानेवारीतच सांगितलं की करार आता पुढे वाढणार नाही. जूनअखेर व्हिसा कॅन्सल, सामान बांधायचं, पुण्याला परत. त्यांनी ते फार शांतपणे घेतलं. तिकडे रिफाच्या कप्तानाची बदली झाली, संघातले निम्मे लोक आधीच देश सोडून गेले होते, म्हणून तो संघ मोडला आणि नियमाप्रमाणे उरलेली माणसं यादीत परत आली. यादीच्या डोक्यावर इनास. आता तो त्रेचाळीस वर्षांचा, एका गुडघ्याला पट्टा, केस मागे सरकलेले. पण उंची काही मागे सरकत नाही. चिठ्ठ्या उचलल्या. पहिला नंबर पुन्हा सनाबिसचा आला. फक्त सनाबिसमध्ये जागा नव्हती. एक घ्यायचा तर एक सोडायला लागणार होता.

मी त्याग करायचं ठरवलं. मला त्यागाची फार सवय नाही, त्यामुळे दोन दिवस मी घरात जरा उदात्त चेहऱ्याने वावरत होतो. तिसऱ्या दिवशी एक पत्र लिहिलं: वाढतं वय आणि ऑफिसची कामं यामुळे मला संघातून मुक्त करावं. ते घेऊन साडूंकडे गेलो. घरभर कपाटं उघडी होती. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं, पेन काढून 'ऑफिसची कामं' खोडलं आणि म्हणाले, "खोटं कशाला? नुसतं वय पुरे." मग घडी करून खिशात ठेवलं. "बघतो."

मनातून मला खात्री होती की ते पत्र फाडून टाकतील. मराठी माणूस राजीनामा देतो तो परत घेण्याचा आग्रह व्हावा म्हणूनच. शुक्रवारी हॉलमध्ये मी मुद्दाम दुसऱ्या रांगेत बसलो, म्हणजे ते नाही म्हणतील तेव्हा उठून उभं राहायला बरं. साडू उभे राहिले. खिशातून माझं पत्र काढलं, वाचून दाखवलं, 'वय' या शब्दावर थांबून वाचलं, आणि म्हणाले, "सनाबिस यांना सोडत आहे. आणि इनासला घेत आहे." अकरा वर्षं तोंडात अडकलेला तो 'इ' बाहेर पडला. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. सगळ्यांत जोरात मी वाजवत होतो, आणि मला रडू येत होतं. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला असल्या कारणासाठी रडू येणं शोभत नाही, पण आलं, काय करणार.

घरी मी दोन दिवस फुगून बसलो. बायकोने एक दिवस चालवून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोळ्या करता करता म्हणाली, "स्वतःच पत्र दिलंस ना?"

"दिलं. पण त्यांनी एकदा तरी नको म्हणायचं."

"आई जाऊन पाच वर्षं झाली," ती म्हणाली.

"त्याचं काय?"

"दर वर्षी एक माणूस सोडता येतो ना? आई गेल्यावर त्यांना कुणाची भीती होती? माझी तर नक्कीच नाही. तुला सोडायचं असतं तर केव्हाच सोडलं असतं." तिने पोळी उलटली. "तू पत्र दिलंस म्हणून सोडलं. तुलाच नको असेल असं वाटलं असेल त्यांना."

ही गोष्ट माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती. पाच वर्षं दर वर्षी त्या यादीपुढे साडू उभे राहिले होते, मला मोकळं करायला कुणाचीही आडकाठी नव्हती, आणि दर शुक्रवारी टेबलावरून मला उचलून बाजूला ठेवणाऱ्या या माणसाने हॉलमध्ये ते एकदाही केलं नव्हतं. मी नुसता पोळ्या मोजत बसलो.

नव्या सनाबिसचा पहिला सामना मी प्रेक्षकांत बसून बघितला. पुढच्या रांगेत. इनासने गुडघा सांभाळत सांभाळत मनामाची पार दाणादाण उडवली. साडूंनी जे जे म्हणून सांगून ठेवलं होतं ते ते सगळं झालं: पास पकडले, चेंडू अडवले, मनामा घाबरलंसुद्धा. बारा पॉइंटांनी जिंकलो. अकरा वर्षांत इतका सरळ विजय सनाबिसने बघितला नव्हता. लोकांनी साडूंना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, मग वजनाचा अंदाज आल्यावर हार घातला. इनासने माझ्याजवळ येऊन पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही नव्हता तर मला चेंडू द्यायला कुणी नव्हतं. मलाच पळायला लागलं."

जेवताना साडू गप्प होते. मेहुणीने श्रीखंड केलं होतं. पानं उचलली. खजूर आले, खाल्ले गेले. बियांची वाटी त्यांच्यापुढे होती पण त्यांनी तिच्यात हात घातला नाही. सामना होता तसाच पुरेसा होता, दुरुस्त करायला त्यात काही नव्हतं. सई आपल्या खोलीतून डोकावून म्हणाली, "ममा, इज बाबा सिक?" मेहुणी म्हणाली, "जिंकलेत ते."

दुपारी आम्ही दोघं सलमाबादला गेलो, सामान भरायला मोठी खोकी हवी होती म्हणून. खोक्यांच्या दुकानाला बाहेरून कुलूप होतं. शेजारच्या गॅरेजमधल्या माणसाने हाताने खूण केली, येईल, पाच मिनिटं, इंशाल्ला. आम्ही गाडी सावलीत लावून, एसी चालू ठेवून बसलो.

"बारा पॉइंटांनी जिंकलो," साडू म्हणाले.

"हो. झकास झालं."

"तुम्ही असता तर हरलो असतो."

"प्रश्नच नाही."

"दहाने तरी. जास्तच." ते समोरच्या बंद शटरकडे बघत होते. "हरायला हवं होतं, साडूभाऊ. आता जेमतेम सात शुक्रवार राहिलेत, आणि जेवताना आज बोलायला काही उरलं नाही."

मी एसीची झडप उगाच खालीवर केली. मग माझ्या तोंडून ते निघून गेलं, जे अकरा वर्षं निघालं नव्हतं. म्हटलं, "मला जन्मात कुणी पहिलं निवडलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही निवडलंत. मला फार बरं वाटलं होतं."

साडूंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. "ते सासूबाईंमुळे."

"ठाऊक आहे."

"घेतलं ते सासूबाईंमुळे," ते म्हणाले. "पुढे ठेवलं ते..."

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. दुकानवाला आला होता. "कार्टन? कितना चाहिए, भाई?" साडू चटकन दार उघडून उतरले, मला वाटतं जरुरीपेक्षा जास्तच चटकन, आणि खोक्यांच्या जाडीवरून त्याच्याशी वाद घालायला लागले. आम्ही तीस खोकी आणली. ती गाडीत मावेनात, म्हणून शेवटची चार मी मांडीवर घेऊन बसलो. त्यामुळे परत येताना मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि त्यांना माझा.

त्यांना पुण्याला जाऊन आता आठ महिने झाले. शुक्रवारी दुपारी फोन येतो. पाणी किती वाजता येतं, सोसायटीच्या लिफ्टचं काय झालं, सई होस्टेलवर जेवते का, सगळं सांगतात. सनाबिस जिंकतंय हे ऐकून "वा, वा" म्हणतात. मग थोडा वेळ आम्ही दोघंही बोलत नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येतो आणि ते वाक्य आता पुरं करतील असं दर वेळी वाटतं. ते करत नाहीत. मीही विचारत नाही. काय म्हणणार होते ते मला कळलेलं आहे, आणि ते त्यांनी एकदा तोंडाने म्हटलं तर पुढच्या शुक्रवारी फोनवर बोलणं आम्हा दोघांनाही अवघड जाईल.